फ्रेड लेबो : पंचावन्नात पंचेचाळिसावा आलेला धावपटू



शाळेतल्या क्रीडास्पर्धा आठवून पाहा. धावण्याची शर्यत संपते, पहिल्या तिघांची नावं पुकारली जातात, टाळ्या वाजतात, फोटो निघतो. मागून येणारी मुलं तोपर्यंत हळूच बाजूला होऊन पाणी प्यायला निघून गेलेली असतात. त्यातला शेवटून दुसरा किंवा तिसरा आलेला मुलगा पुढच्या वर्षी नावच देत नाही. आपण विचारलं तर पाय दुखतो म्हणतो. हे तुम्हीही पाहिलं असेलच.

आजचा चरित्रपाठ मी त्या मुलासाठी निवडला आहे. हा पाठ अशा एका धावपटूचा आहे, ज्याने आयुष्यात एकही मोठी शर्यत जिंकली नाही. लहानपणीच त्याचा देश सुटला, घर सुटलं, भाषाही मागे राहिली. परक्या देशात गेल्यावर मात्र त्याने जगातली सर्वात मोठ्या मॅरेथॉनांपैकी एक उभी केली. त्यांचं नाव फ्रेड लेबो. न्यूयॉर्क शहराची मॅरेथॉन आज जगभर माहीत आहे, ती ज्यांच्यामुळे, तेच हे.

पाठ मोठा आहे, म्हणून भाग पाडून देत आहे. वर्गात दोन तासिकांत आरामात होईल.

बालपण

फ्रेड यांचं मूळ नाव फिशेल लेबोविट्झ. त्यांचा जन्म ३ जून १९३२ रोजी रोमानिया देशातल्या अराद या शहरात झाला. युरोपचा नकाशा काढा आणि मुलांना रोमानियाच्या पश्चिम टोकाला, हंगेरीच्या सीमेजवळ अराद शोधायला सांगा. घर ज्यू धर्मीय, रूढी-परंपरा काटेकोरपणे पाळणारं. सात भावंडांमध्ये फिशेल सहावा.

फिशेल सात वर्षांचा असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं. त्या काळात युरोपातल्या ज्यूंवर काय संकट कोसळलं हे मोठ्या वर्गातली मुलं इतिहासात शिकतात. अरादपासून थोड्याच अंतरावरचा उत्तरेकडचा प्रदेश तेव्हा हंगेरीच्या ताब्यात होता. १९४४ मध्ये तिथल्या हजारो ज्यू कुटुंबांना आगगाडीच्या डब्यांत कोंबून ऑश्वित्झच्या छळछावणीत पाठवण्यात आलं. अराद सीमेच्या अलीकडे, रोमानियात राहिलं. तिथेही ज्यूंवर कडक निर्बंध आणि जुलूम होते, पण लेबोविट्झ कुटुंब जिवंत राहिलं. नकाशावरची एक रेघ थोडी इकडे-तिकडे असती, तर आजचा हा पाठ लिहायला कारणच उरलं नसतं.

युद्ध संपलं, पण सुख आलं नाही. रोमानियावर सोव्हिएत रशियाचा प्रभाव वाढत गेला. डिसेंबर १९४७ मध्ये राजाला पद सोडावं लागलं आणि देशात साम्यवादी राजवट आली. या धामधुमीत लेबोविट्झ कुटुंब पांगलं. कोण कुठल्या देशात, कोण कुठल्या. फिशेलनेही किशोरवयातच घर सोडलं.

निर्वासित म्हणजे कोण?

हा शब्द इथे थांबून समजावून सांगा, कारण मुलं तो बातम्यांत ऐकतात पण त्याचा अर्थ त्यांना नीट ठाऊक नसतो. नोकरीसाठी, शिक्षणासाठी माणूस गाव सोडतो, तेव्हा त्याला परतीची वाट असते. दिवाळीला घरी येता येतं. निर्वासिताला मात्र जिवाच्या भीतीने निघावं लागतं आणि मागची वाट बंद झालेली असते.

आपल्या मुलांना जवळचं उदाहरण हवं असेल तर उल्हासनगर सांगा. फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि त्या छावणीचंच पुढे उल्हासनगर झालं. ती कुटुंबं इथे नव्याने उभी राहत होती, साधारण त्याच सुमारास फिशेल युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात फिरत होता. त्याला स्वतःचा असा देशच नव्हता. काही काळ तो आयर्लंडमध्ये राहिला. शेवटी १९५० च्या आसपास तो अमेरिकेत पोहोचला.

जरा विचार करा. वय अठराच्या आगेमागे. घरी बोलायची भाषा यिडिश. आई-वडील जवळ नाहीत. आणि समोर एक अफाट परका देश.

नव्या देशातली पहिली वर्षं

आता तुम्ही म्हणाल, लगेच धावायला लागला असेल. तसं अजिबात नाही झालं. धावणं त्यांच्या आयुष्यात यायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती.

सुरुवातीला ते धार्मिक पाठशाळेत शिकले. पुढे क्लीव्हलँड शहरात त्यांनी दूरचित्रवाणी संच विकले. तिथेच काही काळ विनोदी नाटुकल्यांचा एक क्लबही चालवला. मग ते न्यूयॉर्कला आले आणि कपड्यांच्या धंद्यात शिरले. मोठ्या, महागड्या नावांचे जे कपडे बाजारात येत, त्यांच्यासारखे दिसणारे स्वस्त कपडे बनवून विकणं हा त्यांचा व्यवसाय. फिशेल लेबोविट्झ हे लांबलचक नाव मागे पडून तोवर ते फ्रेड लेबो झाले होते.

मला त्यांच्या चरित्रातला हा भाग महत्त्वाचा वाटतो. थोर माणसांच्या गोष्टीत आपण मुलांना असं भासवतो की त्यांना लहानपणापासूनच आपलं ध्येय माहीत होतं. लेबोंना पस्तिशी उलटेपर्यंत ते माहीत नव्हतं. मिळेल ते काम करत, माणसं ओळखत, भाषा शिकत ते जगत होते. माल कसा खपवायचा, नकार देणाऱ्याला होकारापर्यंत कसं आणायचं, हे त्यांना त्या धंद्यांनी शिकवलं. पुढे तेच सगळं कामी आलं.

टेनिससाठी धावायला गेले आणि...

लेबो टेनिस खेळत. खेळताना दम कमी पडतो, तो वाढावा म्हणून त्यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी धावायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या मधोमध सेंट्रल पार्क नावाचं मोठं उद्यान आहे. त्यातल्या तलावाभोवती ते धावू लागले. थोड्याच दिवसांत टेनिस मागे पडलं आणि धावणं राहिलं.

त्यांची पहिली शर्यत यांकी स्टेडियमभोवती अकरा फेऱ्यांची होती. तिथे ते जवळजवळ शेवटी आले. पण त्या दिवशी त्यांना जे वाटलं ते हरल्याचं दुःख नव्हतं. आपण पूर्ण केलं, याचा आनंद होता. ही भावना त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

त्या काळी अमेरिकेत रस्त्यावरून धावणारा मोठा माणूस म्हणजे विचित्र प्राणी समजला जाई. न्यूयॉर्कमध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंचा एक लहानसा क्लब १९५८ पासून होता. त्याचे पहिले अध्यक्ष टेड कॉर्बिट हे कृष्णवर्णीय धावपटू १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले. क्लबच्या शर्यती शहराच्या एका कोपऱ्यात, ब्राँक्स भागात होत. बघायला कोणी नसे. लेबोंना वाटलं, हे सगळं लोकांच्या नजरेसमोर, शहराच्या मध्यभागी का होऊ नये?

१९७० : एक डॉलर प्रवेश फी

व्हिन्सेंट चिअपेट्टा या सहकाऱ्याबरोबर लेबोंनी सेंट्रल पार्कमध्ये मॅरेथॉन भरवायचं ठरवलं. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. मुलांना अंदाज यावा म्हणून सांगा : मुंबईच्या सीएसएमटी स्थानकापासून ठाण्यापर्यंतचं रेल्वेचं अंतर सुमारे ३४ किलोमीटर. ते पायी धावायचं आणि त्यापुढे आणखी आठ किलोमीटर.

१३ सप्टेंबर १९७० रोजी ती शर्यत झाली. प्रवेश फी एक डॉलर. एकूण खर्च सुमारे हजार डॉलर. बक्षिसं म्हणून स्वस्तातली मनगटी घड्याळं, आणि दुसऱ्याच खेळांच्या जुन्या ढाली-चषक. उद्यानातल्या रस्त्यावरून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या. दिवस उकाड्याचा. १२७ जण धावायला उभे राहिले. त्यात स्त्री एकच, नीना कुसिक, आणि त्यांनाही त्या दिवशी बरं नसल्यामुळे मध्येच थांबावं लागलं.

शेवटपर्यंत पोहोचले फक्त ५५. पहिला आला गॅरी मर्की नावाचा अग्निशामक दलातला जवान. आदल्या रात्रीची ड्यूटी करून तो शर्यतीला आला होता. त्याची वेळ २ तास ३१ मिनिटं ३८ सेकंद.

आणि स्वतः भरवलेल्या शर्यतीत स्वतः धावलेले फ्रेड लेबो? त्यांना ४ तास १२ मिनिटं लागली. पंचावन्नात त्यांचा क्रमांक पंचेचाळिसावा.

हा आकडा फळ्यावर मोठा लिहा. मुलांना विचारा, तुमचा पंचेचाळिसावा नंबर आला असता तर पुढच्या वर्षी तुम्ही काय केलं असतं? लेबोंनी पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत भरवली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. १९७२ मध्ये ते क्लबचे अध्यक्ष झाले आणि पुढची वीसहून अधिक वर्षं त्यांनी ते काम सांभाळलं.

रस्त्यावर बसलेल्या सहा जणी

मुलींच्या वर्गात हा भाग जरूर सांगा.

त्या काळी बायकांना इतकं अंतर झेपणार नाही, त्यांच्या तब्येतीला ते वाईट, असं सर्रास मानलं जाई. १९७१ मध्ये न्यूयॉर्कमध्येच बेथ बॉनर आणि नीना कुसिक या दोघींनी मॅरेथॉन तीन तासांच्या आत पूर्ण करून दाखवली. तरीही अमेरिकेतल्या मैदानी खेळांच्या संघटनेने नियम काढला की बायकांनी पुरुषांबरोबर निघायचं नाही, दहा मिनिटं आधी वेगळं निघायचं.

१ ऑक्टोबर १९७२. बायकांसाठी बंदूक वाजली. सहा जणी धावण्याच्या रेषेवर आल्या आणि निषेधाचे फलक हातात धरून चक्क खाली बसल्या! दहा मिनिटं बसून राहिल्या. पुरुषांसाठी बंदूक वाजली तशा उठल्या आणि सगळ्यांबरोबर धावल्या. वर्तमानपत्रांत तो फोटो गाजला आणि तो वेगळ्या सुरुवातीचा नियम फार काळ टिकला नाही. लेबोंची सहानुभूती त्या सहा जणींच्या बाजूने होती.

त्याच वर्षी क्लबने फक्त स्त्रियांसाठी सहा मैलांची, म्हणजे साधारण दहा किलोमीटरची शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी ७८ जणी आल्या. ही शर्यत न्यूयॉर्कमध्ये पुढेही चालू राहिली.

आधी नाही म्हणाले, मग झपाटून लागले

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कची अवस्था वाईट होती. १९७५ मध्ये शहराची तिजोरी जवळजवळ रिकामी झाली, दिवाळं निघायची वेळ आली. गुन्हेगारी वाढली होती. संध्याकाळनंतर लोक सेंट्रल पार्कमध्ये जायला घाबरत.

न्यूयॉर्कचे पाच मोठे विभाग आहेत : स्टेटन आयलंड, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि मॅनहॅटन. १९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष. त्या निमित्ताने जॉर्ज स्पिट्झ नावाच्या धावपटूने कल्पना मांडली की मॅरेथॉन उद्यानातून बाहेर काढून पाचही विभागांतून न्यावी.

लेबोंना ही कल्पना आधी पटली नाही, बरं का. इतके रस्ते कोण बंद करणार, पोलीस कुठून आणायचे, पैसा कोण देणार? त्यांची शंका रास्तच होती. पण मॅनहॅटन विभागाचे प्रमुख पर्सी सटन यांनी पाठिंबा दिला. रूडिन या बांधकाम व्यावसायिक घराण्याने धावपटू असलेल्या आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ २५ हजार डॉलर दिले. एकदा हो म्हटल्यावर मात्र लेबो झपाटल्यासारखे कामाला लागले. इतकी वर्षं माल विकणारा माणूस आता शहराला एक स्वप्न विकत होता.

२४ ऑक्टोबर १९७६ रोजी दोन हजारांवर धावपटू स्टेटन आयलंडला जमले. समुद्राच्या खाडीवरचा प्रचंड व्हेराझानो पूल ओलांडून ते ब्रुकलिनमध्ये शिरले. पुढे क्वीन्स, मॅनहॅटन, ब्राँक्स आणि पुन्हा मॅनहॅटनला येऊन सेंट्रल पार्कमध्ये शेवट. बिल रॉजर्स २ तास १० मिनिटं १० सेकंदांत पहिले आले. शर्यत एका वर्षापुरतीच ठरली होती. पण ज्या गल्ल्यांमधून एरवी कोणी जायला धजत नसे, तिथे लोक दारात उभे राहून अनोळखी माणसांना पाणी देत होते, टाळ्या वाजवत होते. मग ती दरवर्षीची झाली.

या मार्गावर ब्रुकलिनमधली विल्यम्सबर्ग ही वस्ती लागते. तिथे जुन्या चालीरीती पाळणारे ज्यू राहतात, काळे कोट, मोठ्या टोप्या घालणारे. अर्ध्या चड्डीत धावणारी माणसं बघून त्यांना नवल वाटे. लेबो पुढच्या गाडीतून जाताना त्यांच्याशी यिडिशमध्ये बोलत, धावणाऱ्यांना प्रोत्साहन द्यायला सांगत. अरादच्या घरातली ती भाषा इतक्या वर्षांनी, इतक्या दूर, अशी कामाला आली. परक्या देशात घर बसवणं म्हणजे जुनं सगळं पुसून टाकणं नव्हे, हे मुलांना यातून सहज कळेल.

ओस्लोच्या एक शिक्षिका

आपण सगळे शिक्षक, म्हणून हा प्रसंग सांगायचा मोह आवरत नाही. १९७८ मध्ये लेबोंनी नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्स यांना बोलावलं. त्या ओस्लोमध्ये शाळेत शिकवत आणि मैदानावरच्या तीन हजार मीटरसारख्या शर्यती धावत. मॅरेथॉन त्या कधीच धावल्या नव्हत्या. सुरुवातीचे काही मैल वेगाने धावून इतरांना गती मिळवून द्यावी, एवढ्यासाठीच लेबोंनी त्यांना बोलावलं होतं.

वाइट्सबाई धावतच राहिल्या. शेवटचे काही किलोमीटर पाय फार दुखले, आपल्याला इथे यायला लावणाऱ्या नवऱ्याचा रागही आला. पण त्या पहिल्या आल्या, आणि २ तास ३२ मिनिटं ३० सेकंद ही तोपर्यंतची स्त्रियांची जगातली सर्वोत्तम वेळ ठरली. पुढे त्यांनी न्यूयॉर्क मॅरेथॉन एकूण नऊ वेळा जिंकली. लेबो आणि वाइट्स यांची मैत्री जुळली ती कायमची. तिचं महत्त्व पुढे येईलच.

दोषांसह माणूस

चरित्र सांगताना आपण दोष झाकतो. मला ते योग्य वाटत नाही. लेबोंना प्रसिद्धीची हौस होती. वर्तमानपत्रात नाव यावं म्हणून ते काय वाटेल ते करत. १९७८ मध्ये त्यांनी एम्पायर स्टेट बिल्डिंगचे ८६ मजले जिन्याने धावत चढायची शर्यत भरवली! त्यांचा कारभार एकहाती असे आणि सहकाऱ्यांशी खटके उडत. हौशी खेळाडूंना पैसे द्यायचे नाहीत असा नियम असतानाच्या काळात मोठ्या धावपटूंना पडद्याआड पैसे दिल्याबद्दलही त्यांच्यावर टीका झाली.

पण एका बाबतीत त्यांनी तडजोड केली नाही. पहिला आलेला माणूस निघून गेल्यावर त्यांची शर्यत संपत नसे. पाच तासांनी, सहा तासांनी लंगडत येणाराही त्यांच्या लेखी मॅरेथॉन धावलेला माणूसच होता. स्वतः ते ३० देशांत मिळून ६९ मॅरेथॉन धावले. एकही जिंकले नाहीत.

त्यांचं बघून इतर शहरं पुढे आली. ब्रिटनचे ऑलिंपिक विजेते ख्रिस ब्रॅशर १९७९ मध्ये न्यूयॉर्कला धावले, भारावून गेले आणि १९८१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह लंडन मॅरेथॉन सुरू केली. मोठ्या शहराचे रस्ते बंद करून अव्वल धावपटूंबरोबर सामान्य माणसांनीही धावायचं, ही पद्धत जगभर रुजली. २००४ पासून मुंबईत जानेवारीत होणारी मॅरेथॉनही याच पद्धतीची. तुमच्या घरातलं कुणी त्यात धावलं असेल, तर न कळत ते लेबोंच्या वाटेवरून धावलेले आहेत.

शेवटची शर्यत

१९९० च्या सुरुवातीला लेबोंना मेंदूचा कर्करोग असल्याचं निदान झालं. आयुष्य थोडंच उरलं आहे, अशी चिन्हं होती. उपचार सुरू झाले. केस गेले, ताकद गेली. तरी ते रुग्णालयाच्या मार्गिकांमधून फेऱ्या मारत, मोजून चालत. पुढे आजार काही काळ हटला.

इथे एक गंमत लक्षात घ्या. १९७६ मध्ये शर्यत पाच विभागांतून जाऊ लागल्यापासून आयोजनाच्या धावपळीत लेबोंना ती स्वतः धावताच आली नव्हती. ज्या मार्गाने हजारो लोकांना नेलं, तो मार्ग त्यांनी स्वतः शर्यतीत कधी पार केला नव्हता.

१ नोव्हेंबर १९९२ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, ते धावायला उभे राहिले. सोबत ग्रेटे वाइट्स. ज्या बाईंनी ही शर्यत अडीच तासांच्या आसपास नऊ वेळा जिंकली, त्या आपल्या आजारी मित्राच्या गतीने, त्याच्या शेजारून धावत राहिल्या. दोन्ही बाजूंना लोक फ्रेडच्या नावाचा जयघोष करत होते. ५ तास ३२ मिनिटं ३४ सेकंदांनी दोघांनी हातात हात घेऊन रेषा ओलांडली. दोघेही रडत होते.

वेगाच्या हिशेबात वाइट्सबाईंची ती सर्वात वाईट वेळ. पण आपल्या विद्यार्थ्यासाठी हळू चालणारा शिक्षक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या साडेपाच तासांची किंमत सांगायला नको.

आजार परत आला. ९ ऑक्टोबर १९९४ रोजी, त्या वर्षीच्या मॅरेथॉनला महिनाभरही उरला नसताना, फ्रेड लेबो वारले. त्यांची शोकसभा सेंट्रल पार्कमध्ये, शर्यतीच्या शेवटच्या रेषेजवळ झाली. सुमारे तीन हजार लोक आले होते. काही दिवसांनी उद्यानात त्यांचा ब्राँझचा पुतळा बसवण्यात आला. पुतळ्यातले लेबो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आहेत, कुणीतरी अजून यायचं आहे म्हणून थांबल्यासारखे. दरवर्षी मॅरेथॉनच्या वेळी हा पुतळा हलवून शेवटच्या रेषेजवळ नेतात.

गोष्ट इथे संपत नाही

लेबोंच्या निधनानंतर महिन्याभरातच जी मॅरेथॉन झाली, ती स्त्रियांमध्ये जिंकली केनियाच्या टेगला लोरूपे यांनी. एखादी मोठी मॅरेथॉन जिंकणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन स्त्री. पुढे त्यांनी केनियातल्या निर्वासितांच्या छावण्यांमधून धावण्याची आवड असलेली मुलं-मुली निवडली, त्यांना प्रशिक्षण दिलं. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये इतिहासात पहिल्यांदा निर्वासितांचा संघ उतरला. दहा खेळाडूंपैकी पाच जण दक्षिण सुदानमधून पळून आलेले आणि लोरूपेबाईंकडे तयार झालेले धावपटू होते. त्या संघाच्या प्रमुखही लोरूपेच होत्या.

एका निर्वासित मुलाने उभ्या केलेल्या शर्यतीतून मोठ्या झालेल्या बाईने पुढच्या निर्वासित मुलांचा हात धरला. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. चांगलं काम असंच पुढे जातं.

आणि त्या मॅरेथॉनचं काय झालं? १९७० मध्ये ५५ जणांनी पूर्ण केलेली शर्यत २०१९ मध्ये ५३ हजारांहून अधिक लोकांनी पूर्ण केली.

आपण काय घ्यायचं?

आपल्या वर्गात परदेशातून पळून आलेली मुलं क्वचितच असतील. पण वर्षाच्या मध्येच येणारी मुलं असतात. ऊसतोडीसाठी, वीटभट्टीसाठी, बांधकामासाठी आई-वडिलांबरोबर फिरणारी. त्यांची भाषा वेगळी, पुस्तकं अर्धी झालेली, मैत्री नाही. ती मागच्या बाकावर बसतात आणि आपणही कधी कधी हजेरीपुरतंच त्यांच्याकडे बघतो. त्यातलं कोण पुढे काय उभं करेल हे आपल्याला ठाऊक नाही. अठराव्या वर्षी अमेरिकेत उतरलेल्या फिशेलकडे बघूनही कुणाला ते कळलं नसतं.

पालकांनाही एक विनंती. मूल शर्यतीहून घरी आलं की कितवा आलास, हा पहिला प्रश्न आपण विचारतो. एकदा पूर्ण केलीस का, हे विचारून बघा.

वर्गासाठी उपक्रम

१. नकाशावर अराद, आयर्लंड, क्लीव्हलँड आणि न्यूयॉर्क ही ठिकाणं शोधून फ्रेड लेबोंच्या प्रवासाची रेघ काढा.

२. १२७ पैकी ५५ धावपटूंनी शर्यत पूर्ण केली. शेकडा किती? (गणिताच्या तासाला घ्या.)

३. रेषेवर बसून राहिलेल्या सहा जणींनी दहा मिनिटं वाया घालवली की कमावली? पाच ओळी लिहा.

४. घरातल्या किंवा शेजारच्या अशा एका व्यक्तीशी बोला, जी दुसऱ्या गावाहून येऊन इथे स्थिरावली. पहिल्या दिवशी त्यांना कोणी मदत केली, ते विचारून वर्गात सांगा.

५. पुढच्या क्रीडास्पर्धेत शर्यत पूर्ण करणाऱ्या शेवटच्या विद्यार्थ्यासाठी सगळ्या वर्गाने रेषेजवळ थांबायचं. तो येईपर्यंत कोणीही पाणी प्यायला जायचं नाही.

पाचवा उपक्रम आधी आपण शिक्षकांनी करून बघू या. वर्गात काय अनुभव आला ते नक्की कळवा.